मुलांचा, टीनएजरचा, मोठ्यांचा आणि फॅमिलीचा: मानसिक आरोग्याचे चारही ग्रुप कोर्स करून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकालच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जातील. चार प्रकारच्या ग्रुपपैकी आमच्या घरात सगळ्यात जास्त फरक पडला तो फॅमिली कोर्सने, म्हणजे ज्यात मुलांपेक्षा आई-बाबांचीच जास्त शाळा घेतात तो. त्याच्या खाली मोठ्यांचा, मग लहान मुलांचा, आणि टीनएजरचा शेवटी, पण तो वाईट आहे म्हणून नाही, तो कोणाला लागू पडेल हे आधी सांगणंच कठीण आहे म्हणून. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असे कोर्स चालवणारे आता भरपूर झालेत आणि आतला मालमसाला बहुतेकांचा तोच असतो, एकदा तो कळला की कुठलंही सेंटर तुम्हाला तुमचं तुम्हीच जोखता येईल.

आता हे नक्की काय असतं ते थोडक्यात. लेक्चर नसतं आणि पूर्ण थेरपीही नसते, दोन्हीच्या मधलं काहीतरी असतं. आठ-दहा जण गोलात बसतात, आठवड्यातून एकदा, दीड ते दोन तास, असं साधारण आठ ते बारा आठवडे. चालवायला दोघं असतात, एक जण बोलतो आणि दुसरा फक्त बघत असतो की कोण गप्प झालंय, कोणाचा पाय हलतोय, कोण दाराकडे बघतंय. हा दुसरा माणूस नसेल तर अर्धा कोर्स गेला असं समजा, आणि पैसे वाचवायला सगळ्यात आधी त्यालाच काढतात हे पण लक्षात ठेवा.

ग्रुप म्हणजे स्वस्तातली तडजोड, ज्यांना एकट्याची थेरपी परवडत नाही त्यांच्यासाठी, असं मला आधी वाटायचं आणि बऱ्याच जणांना वाटतं. पण या प्रकाराची सुरुवातच मुळी मानसोपचारातून झालेली नाही. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने टीबीच्या गरीब पेशंटना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली, उद्देश एवढाच की घरी विश्रांती, मोकळी हवा, स्वच्छता नीट पाळतायत ना हे बघायचं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की एकमेकांना बघूनच लोकांना उभारी येते. पुढे आयर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ग्रुपमध्ये नक्की काय काम करतं याचे अकरा घटक मांडले, त्यातला एक म्हणजे 'हे फक्त माझ्याच बाबतीत होत नाहीये' हे कळणं. ऐकायला किती साधं वाटतं, पण हे एकट्याच्या सेशनमध्ये काउन्सेलर कितीही वेळा म्हणाला तरी पटत नाही, समोरच्या खुर्चीतला अनोळखी माणूस तुमचंच वाक्य बोलून जातो तेव्हा पटतं. आणि नैराश्य, चिंता वगैरे बऱ्याच त्रासांसाठी ग्रुप आणि एकेकट्याची थेरपी यांची तुलना झालेली आहे, त्यात एकंदरीत फार मोठा फरक दिसलेला नाही, त्यामुळे 'कमी दर्जाचं' हे डोक्यातून काढून टाका.

पण सगळ्यांना ग्रुप नको हेही तितकंच खरं आणि इथेच चांगलं-वाईट सेंटर कळतं. आमच्या सेंटरने कोर्सच्या आधी प्रत्येकाला वेगळं बोलावून अर्धा-पाऊण तास बोलून घेतलं, फॉर्म भरून घेतले, आणि माझ्या एका मैत्रिणीला चक्क सांगितलं की तुम्हाला आत्ता ग्रुप नको, आधी एकट्याने कोणाला तरी भेटा. ती चिडली होती तेव्हा, पण मला तरी त्या क्षणी सेंटरवर विश्वास बसला. याच्या उलट धाकट्याला आधी एका ठिकाणी घातलं होतं तिथे फोनवर वय विचारलं आणि थेट फी भरायची लिंक आली, बाकी काही नाही. सात वर्षांच्या मुलाच्या शेजारी तेरा वर्षांचा बसलेला, लहानगे रडकुंडीला आणि मोठे बोअर, आणि जाहिरातीत 'शंभर टक्के कॉन्फिडन्स'. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना एकेक करून पुढे उभं करून 'तुझी सगळ्यात मोठी भीती सांग' म्हणाले. तिथून काढलं त्याला.

मोठ्यांना जो फॉर्म देतात तो बहुतेक वेळा पीएचक्यू-९ असतो, म्हणजे नैराश्य तपासायचे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं अशा धर्तीचे. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या किंवा आपण नसलेलंच बरं अशा विचारांबद्दल असतो. कुठल्याही सेंटरला फोन केलात की एकच प्रश्न विचारा, नवव्या प्रश्नाला कोणी हो म्हटलं तर तुम्ही काय करता? नीट सेंटर असेल तर तिथल्या तिथे सांगतील, त्याच दिवशी वेगळं बसून बोलतो, घरच्यापैकी कोणाला कळवायचं ते ठरवतो, या या डॉक्टरांकडे पाठवतो. जिथे पलीकडचा माणूस 'आमचे कोर्स एकदम पॉझिटिव्ह असतात' असं काहीतरी म्हणायला लागला तिथे फोन ठेवून द्या. आणि घरात कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर ग्रुपची पुढची बॅच कधी सुरू होतेय याची वाट बघत बसायचं नसतं, सरळ डॉक्टर गाठायचा, आजच.

बरं, आता एकेक.

लहान मुलांचा ग्रुप सात ते नऊ वयाचा होता. आमचा धाकटा आठचा, शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं, सगळं तपासून झालं होतं, पोटात काहीच नव्हतं. वरवर बघितलं तर तिथे खेळ, चित्रं, बाहुल्या, पण आत सगळं सीबीटीच (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) आहे, म्हणजे विचार, भावना आणि वागणं हे तिन्ही एकमेकांना ओढत असतात, त्यातलं एक बदललं की बाकीचेही हलतात. मुलांच्या चिंतेसाठीचे जे गाजलेले प्रोग्राम आहेत, अमेरिकेतल्या फिलिप केंडॉल यांचा कोपिंग कॅट किंवा ऑस्ट्रेलियातल्या पॉला बॅरेट यांचा फ्रेंड्स, ते याच पायावर उभे आहेत आणि बाकीचे कोर्स थोडेफार त्यांचेच चुलतभाऊ.

प्रत्येक सेशनची शेवटची दहा मिनिटं पालकांना आत बोलवायचे, तेव्हा बघितलेलं एक सांगते. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची लांब रेघ, त्यावर शून्य ते दहा आकडे. ताई एकेक प्रसंग वाचतात, वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायचंय, आई न्यायला यायला उशीर झालाय, आणि मुलांनी आपापल्या भीतीच्या आकड्यावर जाऊन उभं राहायचं. आई उशिरा आली या प्रसंगाला एक मुलगी दहाच्याही पुढे गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटलं आता तिला रेघेवर परत बोलावतील, पण ताईंनी खिशातून पट्टीचं रीळ काढलं, रेघ भिंतीपर्यंत वाढवली आणि तिलाच विचारलं, इथे कोणता आकडा लिहू? पंधरा, ती म्हणाली. आमचे साहेब चारवर उभे राहून तिच्याकडे बघत होते. घरी येताना म्हणतो, 'आई, ती तर माझ्यापेक्षा जास्त घाबरते, आणि ती झाडावर पण चढते.' यालोम यांचा तो घटक आठ वर्षांच्या मुलाच्या भाषेत हा असा दिसतो.

खरा कामाचा भाग मात्र भीतीची शिडी. जी गोष्ट टाळतोय तिचे छोटे छोटे तुकडे करायचे, सगळ्यात सोपं खाली आणि सगळ्यात अवघड वर, आणि एकेक पायरीवर भीती जरा उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. आमच्याकडे खालची पायरी होती सुट्टीच्या दिवशी बंद शाळेच्या गेटपर्यंत जाऊन येणं, आणि वरची म्हणजे पूर्ण आठवडा पोटाबद्दल फोन न करता काढणं. मुलांच्या चिंतेत हे हळूहळू सामोरं जाणं हेच मुख्य औषध आहे, आणि गंमत म्हणजे बऱ्याच कोर्समध्ये नेमकं हेच नसतं कारण ते करताना मुलं कुरकुरतात, रडतात, आणि पालकांना वाटतं अरे आपण पैसे भरून मुलाला रडवायला पाठवलं का. मग सगळा कोर्स फुग्यासारखा श्वास घ्या, रंग भरा, आनंदी चेहरा काढा यातच संपतो. मुलं खूश, पालक खूश, आणि सोमवारी पोट परत दुखतं. म्हणून चौकशी करताना 'शिडी करून घेता का' हे विचाराच, नुसतं श्वासाचं आणि चित्रांचं असेल तर तो छंदवर्ग आहे, छंदवर्गाला पण माझी ना नाही पण मग फी पण छंदवर्गाची लावा ना.

मुलांच्या ग्रुपची मुख्य अडचण अशी की मूल तिथे दीड तास आणि बाकीचा आठवडा घरी. तिथे शिकलेलं सगळं घरी येऊन आपण दोन वाक्यांत धुवून टाकू शकतो. 'अरे त्यात काय घाबरायचं' हे एक, आणि 'बरं राहू दे, नको जाऊ आज' हे दुसरं. दोन्ही प्रेमापोटीच म्हणतो आपण, पण पहिल्याने मूल सांगायचं बंद होतं आणि दुसऱ्याने भीती मोठी होते. म्हणून या ग्रुपला पाचपैकी तीन, पालकांना दहाच मिनिटं आत घेतात याबद्दल दोन कापले.

टीनएजरचा कोर्स. इथे जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त पालक याच्याबद्दल विचारतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण इथेच आहे.

आमची मुलगी पंधराची. स्वतःहून तयार झाली नव्हती, दोन सेशन जाऊन बघ आणि नाही आवडलं तर सोड एवढ्यावर तयार झाली, आणि सोडायची मुभा खरंच दिली होती म्हणूनच टिकली असं मला वाटतं. कोर्स डीबीटीच्या (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) कौशल्यांवर होता, मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी मुळात स्वतःला इजा करून घेणाऱ्या आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्या पेशंटसाठी बनवलेली पद्धत, त्यात चार मोठे भाग असतात, भानावर राहणं, त्रास सहन करणं, भावना आवरणं आणि लोकांशी नीट बोलणं, आणि टीनएजरच्या आवृत्तीत घरच्यांशी मधला मार्ग काढायचा एक पाचवा भाग. मुलीला त्यातली थंड पाण्याची ट्रिक सगळ्यात आवडली. प्रचंड राग किंवा घाबरगुंडी उडाली की श्वास रोखून गार पाण्यात चेहरा थोडा वेळ बुडवायचा किंवा डोळ्यांवर-गालांवर गार पट्टी धरायची, त्याने शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडी मारली आणि हृदयाचे ठोके हळू होतात. हे खरंच शरीरात होतं, मनाचे खेळ नाहीत. फक्त हृदयाचा काही त्रास असेल किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि हे त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं याचा एक वेगळा मार्क.

आता दुसरी बाजू. शाळांना सरसकट सगळ्या मुलांसाठी असे कोर्स विकणारे बरेच आहेत आणि त्याबद्दलचे मोठे अभ्यास काही फार उत्साह वाढवणारे नाहीत. ब्रिटनमध्ये ८० हून जास्त शाळांत आणि ८,००० हून जास्त मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ता काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायच्या सरावाच्या, तासांचा मायरियड नावाचा प्रयोग झाला, २०२२ ला निकाल आला, शाळेत एरवी जे भावनिक शिक्षण चालू असतं त्यापेक्षा काहीही जास्त फायदा नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. ऑस्ट्रेलियात डीबीटीवर बेतलेला आठ आठवड्यांचा वाइज टीन्स नावाचा कोर्स हजारहून जास्त मुलांना वर्गात दिला, २०२३ चा अभ्यास, तर कोर्स संपल्या संपल्या त्या मुलांची चिंता आणि उदासी कोर्स न केलेल्यांपेक्षा जरा जास्तच निघाली, आई-वडिलांशी नातंही थोडं बिघडलेलं. का झालं असेल यावर वाद आहेत. मला स्वतःला असं वाटतं की ज्याचं बरं चाललंय त्याला आठ आठवडे स्वतःचं मन कुरतडून बघायला लावलं तर त्याला काहीतरी सापडणारच. म्हणजे पद्धत खोटी असं नाही, पण त्रास असलेल्या आणि स्वतः यायला तयार झालेल्या मुलांसाठी बनलेली गोष्ट सगळ्या वर्गावर शिंपडली की तिचा परिणाम तोच राहत नाही. आपल्या मुलाला काही त्रास नसेल आणि नुसतं 'पर्सनॅलिटी सुधारेल' म्हणून पाठवायचं असेल तर त्यापेक्षा त्याला खेळायला पाठवा, खरंच.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. उनाडक्या, मारामाऱ्या, नशा असल्या तक्रारींची मुलं निवडून एकत्र बसवली तर कधी कधी उलटं होतं. थॉमस डिशियन या मानसशास्त्रज्ञाने आणि सोबतच्यांनी १९९९ मध्ये हे नीट मांडलं, एक जण आपला प्रताप सांगतो, बाकीचे हसतात, आणि ते हसणं हेच बक्षीस होतं. काउन्सेलर बिचारा समोर बसून शहाणपण सांगतोय पण वर्गातला खरा गुरू तो हसवणारा मुलगा. त्यामुळे 'आमच्याकडे खास बिघडलेल्या मुलांची बॅच आहे' असं कोणी अभिमानाने सांगितलं तर जरा जपून.

आमच्या मुलीच्या ग्रुपमध्ये हे कसं सांभाळलं तर तपशील सांगायला बंदी. म्हणजे 'मी स्वतःला इजा केली' हे म्हणता येईल पण कशाने, कुठे, कशी हे नाही, इतरांसमोर तर अजिबात नाही, ते वेगळं भेटून बोलायचं. नियम कडक वाटतो पण एकाचं ऐकून दुसऱ्याला कल्पना सुचू नये म्हणून आहे. आणि गुप्ततेचं पण पहिल्याच दिवशी पालक आणि मुलं दोघांना एकत्र बसवून स्पष्ट केलं, तुमचं मूल इथे काय बोललं ते आम्ही तुम्हाला सांगणार नाही, जिवाला धोका किंवा कोणी छळ करतंय असं दिसलं तर मात्र सांगणार, आणि तेव्हा मुलाला आधी सांगून मग तुम्हाला सांगणार. मी हो म्हटलं खरं पण नंतर दर आठवड्याला कारमध्ये 'काय काय झालं गं' हा प्रश्न ओठांवर यायचा. एकदा तिनेच म्हटलं, 'आई, तिथे कोणी बोललं नाही तरी चालतं, तू पण शिक ना हे.'

फायदा झाला का, तर झाला, दार आपटणं कमी झालं, पण ते कोर्समुळे की परीक्षा संपल्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकत नाही. हे सगळ्याच कोर्सना लागू आहे बरं का. आपण अशा ठिकाणी जातोच मुळी सगळ्यात वाईट दिवसांत, आणि सगळ्यात वाईटानंतर नुसतं नेहमीचं आलं तरी आकडा सुधारलेला दिसतो. सेंटरवाले पहिल्या आणि शेवटच्या फॉर्मचा तक्ता भिंतीवर लावतात ना, तो बघताना हे डोक्यात ठेवा आणि विचारा की मधेच किती जण सोडून गेले, कारण सोडून गेलेल्यांचा शेवटचा फॉर्म कोणी भरलेलाच नसतो. पाचपैकी किती द्यायचे कळत नाही, मुलीने साडेतीन सांगितलेत, तेच लिहिते, त्यामुळे आकड्यात तो लहान मुलांच्या वर दिसेल, माझ्या क्रमात मात्र शेवटीच.

मोठ्यांचा कोर्स पटकन उरकते. आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा होता, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये ज्यांचं दुखणं औषधांनी आटोक्यात येत नव्हतं अशा पेशंटसाठी जो सुरू केला त्याच घराण्यातला. नमुना असा की आठवड्याला एक मोठा सेशन, मधे एक पूर्ण दिवस मौन, आणि घरी रोज ४५ मिनिटं सराव. रोज ४५ मिनिटं! नोकरी, घर, दोन मुलं असणाऱ्या माणसाला ४५ मिनिटं मिळाली तर त्याचा अर्धा ताण तिथेच जाईल, सरावाची गरजच पडणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये कोणीही ते पूर्ण केलं नाही, मग ताईंनी दहा मिनिटांवर आणलं आणि मग लोक करायला लागले. बॉडी स्कॅन म्हणजे पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं, त्यात नवरा घोरायला लागला, शेजारचे पण घोरत होते, त्यामुळे लाज अशी कोणाला वाटली नाही. ज्यांना पूर्वी काही मोठा आघात झालाय त्यांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिलं की कधी कधी जास्तच त्रास होतो, म्हणून डोळे उघडे ठेवा, खुर्चीत बसा, वाटलं तर बाहेर जा, हे पर्याय आधी दिले पाहिजेत, आमच्याकडे दिले होते.

मला स्वतःला ध्यानापेक्षा काळजीची वेळ हा प्रकार जास्त लागू पडला, मानसशास्त्रज्ञ टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांचा, १९८३ च्या आसपासचा. दिवसातला ठरलेला अर्धा तास फक्त काळजी करायला, बाकी वेळी काळजी आली की कागदावर लिहायची आणि तिला सांगायचं संध्याकाळी ये. संध्याकाळी कागद काढला की अर्ध्या गोष्टी वाचून 'हे काय' असं होतं. झोपायच्या आधीची वेळ मात्र ठेवायची नाही.

पण मोठ्यांच्या ग्रुपमध्ये बघण्यासारखं काय असेल तर फॅसिलिटेटर, म्हणजे ग्रुप चालवणारा, बडबड्या माणसाला कसं आवरतो. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. आमच्यातले काका रिटायर्ड, दर वेळी सुरुवात एका वाक्याने आणि मग वीस मिनिटं ऑफिसमधलं राजकारण, बाकीचे घड्याळाकडे बघतायत. कच्चा फॅसिलिटेटर एकतर ऐकत बसतो नाहीतर 'वेळ कमी आहे' म्हणून तोडतो, आणि मग काका पुढच्या आठवड्यात येतच नाहीत. आमच्या ताईंनी हात थोडा वर केला आणि म्हणाल्या, 'काका, एक मिनिट तुम्हाला इथे थांबवते, कारण तुम्ही मघाशी एक वाक्य बोललात की घरी आता मला कोणी काही विचारत नाही. हे अजून कोणाला वाटतं?' चार हात वर गेले. काका गप्प बसले, आणि त्या दिवसानंतर कमी बोलायला लागले कारण बहुतेक जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. असं जमणारा माणूस असेल तर कोर्सचा सिलॅबस काय आहे हे विचारू पण नका, आणि नसेल तर कितीही भारी सिलॅबस असू दे. मोठ्यांच्या कोर्सला चार.

आता फॅमिली कोर्स, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. रचना अशी की पहिला तास मुलं एका खोलीत आणि पालक दुसऱ्या, विषय एकच पण वेगवेगळ्या बाजूने, आणि दुसरा तास सगळे एकत्र. अमेरिकेत दहा ते चौदा वयाच्या मुलांच्या घरांसाठी स्ट्रेंग्थनिंग फॅमिलीज नावाचा सात आठवड्यांचा प्रोग्राम आहे तो असाच चालतो. पालकांचे गाजलेले कोर्स म्हणजे ट्रिपल पी, इन्क्रेडिबल इयर्स वगैरे यांचं मूळ एकाच विचारात आहे, की लहान मुलाचं वागणं बदलायचं तर मुलाला समजावण्यापेक्षा त्याच्या वागण्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर मोठी माणसं काय करतात ते बदला. चिडचिड, हट्ट, न ऐकणं यासाठी तर पालकांना शिकवणं हा सगळ्यात जास्त अभ्यास झालेला आणि टिकलेला उपाय आहे. म्हणूनच माझं म्हणणं की दहाच्या खालच्या मुलाला कुठेही पाठवायच्या आधी तुम्ही जा.

पहिला होमवर्क ऐकून सगळे हसले होते. रोज पाच-दहा मिनिटं मुलाबरोबर खेळायचं, खेळ त्याने ठरवायचा, आणि त्या वेळात तीन गोष्टी बंद, प्रश्न नाही, सूचना नाही, टीका नाही. फक्त तो काय करतोय ते बोलायचं आणि चांगलं दिसलं तर नेमकं काय ते सांगायचं. सोपंय ना? तिथेच करून बघायला लावलं. धाकटा ठोकळे लावत होता, नवरा समोर बसला, आणि पहिल्याच मिनिटात 'हे काय बनवतोयस? गॅरेज आहे का? मग दरवाजा कुठेय? लाल ठोकळा खाली घे ना, पडेल.' चार वाक्यं, तीन प्रश्न आणि एक सूचना. मागे बसलेल्या ताई कागदावर नुसत्या खुणा करत होत्या. नंतर तो कागद दाखवला तेव्हा नवऱ्याला धक्का बसला, म्हणाला मी तर इंटरेस्ट दाखवत होतो. हो, पण मुलाला ती तोंडी परीक्षा वाटते. दुसऱ्या फेरीत तो अडखळत अडखळत म्हणाला, 'तू लाल ठोकळा वर ठेवलास... आता हिरवा शोधतोयस,' आणि आमचा मुलगा, जो एरवी शाळेबद्दल विचारलं की 'काही नाही' म्हणतो, तो ठोकळे लावता लावता आपणहून सांगायला लागला की शाळेत मागच्या बाकावरचा एक जण त्याची पेन्सिल घेतो आणि देत नाही. पोटदुखीतली अर्धी गोष्ट ही होती. मुलांच्या ग्रुपला पण हे सापडलं नव्हतं.

कौतुकाचं पण तसंच. 'शहाणा माझा' म्हटलं की मुलाला कळत नाही कशाबद्दल, 'मी हाक मारली आणि तू लगेच आलास, ते मला आवडलं' असं म्हटलं की कळतं आणि ते परत होतं. सुरुवातीला हे सगळं इतकं नाटकी वाटतं की आपलाच आवाज ऐकून हसू येतं, मुलगी तर खोलीतून ओरडायची 'कोर्सवाली भाषा नको!' पण दोन-तीन आठवडे नाटकी वाटूनही रेटायचं. हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलात की हट्ट आधी वाढतो आणि मग कमी होतो, हे त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही टिकलो, नाहीतर वाढलेला बघून बहुतेक लोक तिथेच सोडतात.

तक्रारी आहेतच. नवऱ्याच्या ग्रुपमध्ये वडील दोनच, बाकी सगळ्या आया, आणि वेळ अशी ठेवलेली की नोकरी करणाऱ्याला यायलाच जमू नये. मग वडील येत नाहीत म्हणून सगळ्यांनी हळहळायचं. वर्कशीट कुठूनतरी भाषांतर केलेल्या, वाचून डोकं धरायची वेळ येते, 'आपल्या भावनिक अवस्थेचे निरीक्षण नोंदवा' असलं काहीतरी. ताई तोंडी किती छान सांगायच्या, तेच लिहून द्यायचं ना. तरी या कोर्सला पावणेपाच.

ऑनलाइन बॅचबद्दल विचाराल तर मोठ्यांचा चालून जाईल, पालकांचा तर घरूनच बरा कारण दोघांना जमतं. टीनएजरचा ऑनलाइन नको, दाराबाहेर घरचे आहेत हे मुलाला माहीत असतं, ते कॅमेरा बंद करून बसतं आणि काही बोलत नाही. ऑनलाइन घेणारच असाल तर हेडफोन, बंद खोली आणि रेकॉर्डिंग होत नाही हे लेखी.

चालवणाऱ्याची डिग्री विचारायला लाजू नका. 'कोच', 'वेलनेस एक्स्पर्ट', 'हीलर' हे कोणीही स्वतःला म्हणवून घेऊ शकतो, त्यामुळे शिक्षण कशात, कोणाच्या देखरेखीखाली काम करता आणि ग्रुप चालवायचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का, हे तीन प्रश्न. चांगल्या माणसाला राग येत नाही.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटली, ती कशाला वाटतात देव जाणे, नवऱ्याने त्याचं फ्रिजवर लावलंय. एक आणि तीन महिन्यांनी बूस्टर, म्हणजे उजळणीचे, सेशन असतात ते फीमध्येच धरलेत का हे आधी विचारून घ्या, आमच्याकडे वेगळे लावले, आणि पहिल्या बूस्टरला निम्मेच लोक आले होते.